लेगिंग, टी-शर्ट हातानं शिवायचे तर टीप तुटू नये म्हणून काय करायचं

टी-शर्ट, लेगिंग, बनियन असलं होजियरीचं कापड हातानं शिवलं की अंगात घालताना टीप तटकन तुटते आणि आपण दोऱ्याला नावं ठेवतो, पण कापड ताणलं जातं आणि सरळ धावदोरा ताणला जात नाही, मग तो तुटणारच ना. म्हणून टाका असा घ्यायचा की दोऱ्याला थोडी ढील राहील.

दोरा पॉलिस्टरचा घ्या, सुती लवकर तुटतो. सुई बारीक हवी, मिळाली तर बॉलपॉइंटच घ्या, तिचं टोक गोलसर असतं त्यामुळे ती विणीतला धागा न कापता बाजूला सारून जाते.

शिवण उसवली असेल तर कपडा उलटा करा, टाचण्या लावा आणि जुन्या टिपेच्याच रेषेवर उलटी टीप घाला, म्हणजे सुई एक टाका पुढे काढायची आणि मागे येऊन आधीचा टाका जिथे संपला तिथे घालायची. टाके 2-3 मिलिमीटरचे. दर चार-पाच टाक्यांनी कापड हलकेच ओढून बघा, चुण्या पडत असतील तर दोरा आवळला गेलाय, तो तिथल्या तिथे सैल करा. कंटाळवाणं आहे, पण सगळी मेख यातच आहे.

भोक पडलं असेल तर घाई करा, कारण एक फास सुटला की खालचे सुटत जातात आणि लेगिंगवर शिडीसारखी रेघ पडते. बारीक भोक असेल तर कडेचा प्रत्येक सुटा फास सुईत पकडत गोल फिरा आणि दोरा अलगद ओढून तोंड मिटवा. मोठं असेल तर आतून जुन्या टी-शर्टचा तुकडा लावा, फक्त तो ज्या बाजूला जास्त ताणतो ती बाजू कपड्याच्या ताणाशी जुळवून घ्या. मांड्यांपाशी कापड झिजून जाळी झालेली असते, तिथे नुसतं रफू टिकत नाही, सरळ ठिगळच लावा.

खालची पट्टी दुमडायला मात्र मच्छी टाका, त्यात दोरा तिरका जातो म्हणून कापडाबरोबर ताणतो. डावीकडून उजवीकडे जायचं, सुईचं टोक डावीकडे, एक टाका पट्टीवर आणि पुढचा वरच्या कापडाचा जेमतेम एक धागा उचलून, नाहीतर सुलट बाजूला ठिपके दिसतात.