रेडिओ संग्राहकांतली चोरी: सेट कसे सांभाळायचे

इंदूरला राजवाडा असो की लोकमान्य नगर, जुन्या रेडिओवाल्यांकडे अख्खा सेट क्वचितच जातो, जातात ते पार्ट, आणि नेणारा बहुतेक आपल्यातलाच असतो, कारण मर्फी या जुन्या कंपनीच्या रेडिओच्या ओरिजिनल नॉबची किंमत चोराला काय कळणार!

तर आधी प्लग काढा (ट्रान्सफॉर्मरशिवाय थेट मेन्सवर चालणाऱ्या एसी-डीसी सेटची चेसिस, म्हणजे आतला धातूचा सांगाडा, लाइव्ह असू शकते, त्यात करंट येतो, बोट लावू नका), मागचं कव्हर उघडून चेसिस नंबर, डायलची काच, प्रत्येक व्हॉल्व (आतली काचेची नळी) यांचे फोटो घ्या. मॅजिक आयचा, म्हणजे स्टेशन नीट लागलं की नाही ते उजेडाने दाखवणाऱ्या ईएम८४ वगैरे नळीचा, चालू असतानाचा व्हिडिओ वेगळा घ्या, कारण चांगली हिरवी काढून मंद पडलेली बसवली तर बंद सेटवर बाहेरून काही कळतच नाही. ज्या व्हॉल्वला वेगळा बेस आहे त्याची काच सोडून बेसवर यूव्ही पेनने (याची शाई फक्त यूव्ही दिव्यात दिसते) खूण करा. पोस्टाचं जुनं रेडिओ लायसन्स असेल तर जपा, मालकी दाखवायला उपयोगी पडतं.

रिपेअरला देताना व्हॉल्वची यादी लिहून सही घ्या, रिपेअरवाल्या भिया लोकांना राग येतो, येऊ द्या. आणि गेलंच काही तर संग्राहकांच्या ग्रुपवर नाव घेऊन बोंबलू नका, आधी फोटो घेऊन पोलीस ठाण्यात जा, मग भंगारवाल्यांकडे आणि ऑनलाइन विक्रीत ती खूण शोधा.