लिपो बॅटरी गाडीत कमी, कपाटात जास्त मरते: चार्जिंग आणि साठवणीतल्या या चुका टाळा

शनिवारी रात्री लिपोचे (लिथियम पॉलिमर बॅटरीचे) तीन पॅक फुल चार्ज करून ठेवले आणि रविवारी सकाळपासून पाऊस. पुढच्या रविवारी पाहुणे, त्याच्या पुढच्या रविवारी कंटाळा. दोन-अडीच महिन्यांनी डबा उघडला तर तिघांपैकी एक पॅक उशीसारखा फुगलेला, वेष्टण कोपऱ्यांत ताणून चकाकतंय. त्या पॅकने गाडीत जेमतेम दहा-बारा फेऱ्या मारल्या असतील. धडक नाही, पाणी नाही, चुकीचा चार्जर नाही. नुसता पडून पडून गेला.

आरसी म्हणजे रिमोटवर चालणाऱ्या गाड्या, ड्रोन, विमानं, बोटी चालवणारे आपण बहुतेक जण चार्जिंगला घाबरतो आणि साठवणीकडे दुर्लक्ष करतो. घाबरायलाच हवं, पण दोन्हींना. आणि दोन्हीकडे गफलत बहुधा एकच असते: आपण पॅकच्या व्होल्टेजचा आकडा बघतो, आतल्या एकेका सेलचा बघत नाही.

फुल चार्ज करून ठेवून देणं

साध्या लिपो सेलचं नाममात्र व्होल्टेज ३.७, पूर्ण भरल्यावर ४.२०. साठवायचं असेल तर ३.८० ते ३.८५. म्हणजे ३एस (एकापुढे एक जोडलेले तीन सेल) पॅक ठेवताना ११.४ ते ११.५५ च्या आसपास असावा, १२.६ वर नव्हे. ४.२० वर सेल ताणाखाली असतो. आतलं इलेक्ट्रोलाइट हळूहळू विघटित होतं, त्यातून वायू तयार होतो आणि पाउचला बाहेर वाट नसल्याने तो फुगतो. खोली गरम असेल तर हे सगळं आणखी वेगाने होतं. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत फुल चार्ज पॅक ठेवणं म्हणजे ताण आणि उष्णता दोन्ही एकदम देणं.

माझा नियम साधा आहे: उद्या चालवायची नसेल तर आज स्टोरेज मोड. स्क्रीनवाल्या बहुतेक चार्जरमध्ये हा मोड असतो. तो भरलेला पॅक उतरवतो आणि रिकामा पॅक वर आणतो. फक्त उतरवायला वेळ फार लागतो, कारण छोट्या चार्जरची डिस्चार्ज करण्याची ताकद अगदी कमी असते. मोठा पॅक असेल तर कधी कधी तासन्‌तास. म्हणूनच लोक कंटाळतात आणि ‘राहू दे, पुढच्या आठवड्यात चालवूच’ म्हणतात. त्यापेक्षा निघायच्या दिवशी सकाळी चार्ज करणं सोपं.

रिकामा करून ठेवणं तर त्याहून वाईट

चालवून आलो, गाडी ठेवली, बॅटरी आतच. स्विच बंद आहे म्हणून आपण निर्धास्त. पण अनेक ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारी सर्किटं) स्विच बंद असतानाही थोडा थोडा करंट ओढत राहतात. आधीच ३.५ वर आलेला सेल काही आठवड्यांत ३.० च्या खाली, मग त्याहूनही खाली जातो. फार खाली गेला की आतली तांब्याची पत्री विरघळायला लागते, आणि पुन्हा चार्ज करताना तेच तांबं नको तिथे जमून आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. म्हणून ‘मेलेली’ बॅटरी जिवंत करायच्या युक्त्या मला अजिबात आवडत नाहीत. चार्जर लिपो मोडमध्ये पॅक घेत नाही म्हणून निकेल बॅटरीच्या मोडमध्ये पाच मिनिटं लावायचा आणि व्होल्टेज वर आलं की परत लिपोवर यायचं, ही युक्ती सर्रास सांगितली जाते. चार्जर ‘नाही’ म्हणतो तेव्हा तो आपल्या बाजूने बोलत असतो.

आणखी एक चोर: बॅलन्स लीडला (प्रत्येक सेलला जोडलेल्या बारीक तारांच्या जुडग्याला) लावायचा तो छोटा व्होल्टेज अलार्म. चालवताना अतिशय उपयोगी, पण तो तसाच लावून पॅक कपाटात गेला तर पॅक पिऊन टाकतो. गाडीतून पॅक काढा, अलार्म काढा, मगच ठेवा.

पॅकचा आकडा बरोबर, सेलचा चूक

२एस पॅक, ईएससीचा कट-ऑफ (ज्या व्होल्टेजला तो मोटर थांबवतो) ६.४ वर. हिशोबाने सेलमागे ३.२, म्हणजे ठीक. पण एक सेल म्हातारा असेल तर प्रत्यक्षात एक ३.५ वर आणि दुसरा २.९ वर असू शकतो. बेरीज तीच. ईएससीला काही कळत नाही, तुम्हालाही नाही.

चार्ज करताना हेच उलट होतं आणि ते जास्त धोक्याचं. बॅलन्स लीड न लावता ३एस पॅक चार्जला लावला, स्क्रीनवर १२.६० दिसलं, चार्जर थांबला. आत दोन सेल ४.०५ वर आणि तिसरा ४.५० वर असला तरी बेरीज १२.६० च भरते. आगीची सुरुवात इथून होते.

म्हणून बॅलन्स लीड प्रत्येक वेळी लावायची आणि मोडही बॅलन्स चार्जचाच. आधी मुख्य कनेक्टर, मग बॅलन्स लीड. ती काढताना तारा धरून खेचू नका, पांढऱ्या डोक्याला धरून काढा. ३एस ला चार बारीक तारा असतात. त्यातली एक आतून तुटली की चार्जर एखादा सेल शून्य दाखवतो किंवा कनेक्शनची तक्रार करतो. नेमका इथेच ‘मग साध्या मोडमध्ये करून बघू’ असा मोह होतो. नको. आधी तार दुरुस्त करा.

मेनूतली एक ओळ

चार्जरवर लिपो, लिएचव्ही, लाइफ, लिआयन असे पर्याय एकाखाली एक असतात. लिएचव्ही (हाय-व्होल्टेज लिपो) सेल ४.३५ पर्यंत भरतात, साध्या लिपोला ४.२० च्या वर जागाच नाही. बटण एकदा जास्त दाबलं गेलं तर बॅलन्स लीड लावलेली असूनही ओव्हरचार्ज, कारण चार्जर तुम्ही सांगितलं तेच इमानदारीने करतो. लाइफ (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेल तर वेगळीच जात, नाममात्र ३.२ आणि भरल्यावर ३.६ च्या आसपास. त्याला लिपो मोड लावणं हीसुद्धा तशीच चूक.

दुसरी गोष्ट करंटची. पॅकवर चार्जिंगचा वेगळा आकडा छापलेला नसेल तर १सी धरा, म्हणजे पॅकच्या क्षमतेइतकाच करंट. २२०० एमएएचला २.२ अँपिअर, ५००० ला ५. पॅकवर मोठ्या अक्षरात ५०सी लिहिलेलं असतं ते डिस्चार्जचं. त्याचा चार्जिंगशी संबंध नाही, आणि खरं सांगायचं तर तो आकडा बऱ्याचदा जाहिरातीपुरताच असतो. चार्जर मागची सेटिंग लक्षात ठेवतो, ही त्याची सोय तशीच खोडी. काल गाडीचा ५००० चा पॅक ५ अँपिअरवर लावला, आज ड्रोनचा १३०० चा पॅक तसाच लावला की तो जवळपास ४सी ने चार्ज होतो. स्टार्ट दाबायच्या आधी मी तीन गोष्टी तोंडाने म्हणतो: जात, सेल, करंट. घरचे हसतात.

गरम, गार आणि आपटलेली

मैदानावरून आल्या आल्या पॅक हाताला गरम लागत असेल तर चार्जला लावू नका. आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या. उलट टोकाला, शून्य अंशाखालच्या थंडीत चार्ज केला तर लिथियम आत शिरण्याऐवजी इलेक्ट्रोडवर धातूच्या रूपात साचतं. ते नुकसान बाहेरून दिसत नाही आणि भरूनही येत नाही.

गाडी भिंतीवर आदळली, विमान नाक खुपसून पडलं, तर पॅक काढून उघड्यावर, जळण्यासारखं काही नसेल अशा ठिकाणी ठेवा आणि निदान अर्धा तास नजर ठेवा. आतला शॉर्ट लगेच बोलेलच असं नाही. त्याच दिवशी चार्ज करायची घाई तर अजिबात नको. दुसऱ्या दिवशी प्रत्येक सेल तपासा. वेष्टणाला खळी पडली असेल किंवा गोडसर रसायनासारखा वास येत असेल तर त्या पॅकचा निरोप घ्या.

जागा

११.१ व्होल्टच्या ५००० एमएएच पॅकमध्ये ५५.५ वॉट-अवर म्हणजे सुमारे २ लाख ज्यूल असतात. एवढ्यात अर्ध्या लिटरहून थोडं जास्त साधं पाणी उकळीला येतं. शिवाय आतलं इलेक्ट्रोलाइट स्वतः जळतं, त्याची उष्णता वेगळी. म्हणून चार्जिंग फरशीवर, पलंग-गालिचा-पडद्यांपासून लांब, पॅक गाडीतून बाहेर काढून आणि आपण त्याच खोलीत जागे असताना. झोपताना लावून ठेवायची ही वस्तू नव्हे.

लिपोची अग्निरोधक पिशवी घ्याच, पण तिच्यावर सगळा भार टाकू नका. ज्वाळा ती काही अंशी अडवते, धूर अडवत नाही. धातूचा डबा वापरत असाल तर झाकणाचं रबर काढून टाका. घट्ट बंद डब्यात वायूला वाट मिळाली नाही तर डबाच फुटेल. सुट्या पॅकचे कनेक्टर टोपीने किंवा चिकटपट्टीने झाका आणि किल्ल्या, स्क्रू, पक्कड यांच्याबरोबर एका डब्यात टाकू नका. कनेक्टर बदलताना लाल आणि काळी तार कधीही एकदम कापू नका. कात्रीचं पातं दोन्हींना टेकलं की तोच शॉर्ट. एक कापा, सोल्डर करा, झाका, मग दुसरी.

धूर दिसलाच तर पॅक हातात उचलून पळू नका. शक्य असेल तर चार्जरची वीज तोडा, माणसं बाहेर काढा, अग्निशमन दलाला बोलवा. तो धूर विषारी असतो आणि पेटतोही. वाळू ज्वाळा पसरू देत नाही, पण आतली प्रक्रिया थांबवत नाही. थंड करायला भरपूर पाणीच लागतं, आणि तेही सुरक्षित अंतरावरून जमत असेल तरच.

पॅक काय सांगतोय

चार्ज फार पटकन पूर्ण होतो आणि गाडी पाच मिनिटांत दमते? एखादा सेल बाकीच्यांच्या आधी वर पोहोचतो आणि आधी खाली येतो. अंतर्गत रोध दाखवणारा चार्जर असेल तर दोन सेल ४-५ मिलिओम आणि तिसरा १५ असं काही दिसेल. बॅलन्सिंग संपता संपत नाही? तेच दुखणं. सरळ जाताना गाडी ठीक, जोरात ॲक्सिलरेटर दिला की कट-ऑफ? पॅक म्हातारा झाला असेल, किंवा नुसता कनेक्टर ढिला असेल. कनेक्टर गरम होतोय का ते आधी पाहा, फुकटची दुरुस्ती असते. आणि उलट, गाडी कधीच थांबत नाही, अगदी रांगायला लागेपर्यंत चालते? ईएससी निकेल मोडवर राहिलाय, त्यामुळे कट-ऑफच नाही. नव्या गाडीत हे पहिल्याच दिवशी तपासा.

सेलमध्ये फरक किती चालतो? चार्जनंतर ०.०१-०.०२ असेल तर लक्षही देऊ नका. स्टोरेजला ठेवून आठवड्याने बघितल्यावर एकच सेल ०.१ ने खाली गेलेला असेल तर तो आतून गळतोय.

फुगलेल्या पॅकला टाचणीने टोचून हवा काढायचा विचार कुणी करत असेल तर नको. आत हवा नसते, ज्वलनशील वायू असतो. पॅक थोडासाच फुगलेला आणि सेल शाबूत असतील तर बाहेर मोकळ्या जागी, कमी वॉटचा १२ व्होल्टचा बल्ब लावून तो पूर्ण उतरवा. बल्ब विझल्यावरही काही तास जोडलेलाच ठेवा, नाहीतर व्होल्टेज पुन्हा थोडं वर येतं. मिठाच्या पाण्यात बुडवायची जुनी पद्धत मी सोडली. पाण्याने टोकं गंजून तुटतात आणि आत चार्ज तसाच राहू शकतो. शून्यावर आलेल्या पॅकचे कनेक्टर चिकटपट्टीने झाकून बॅटरी स्वीकारणाऱ्या ई-कचरा केंद्रात द्या. जास्त फुगलेल्या किंवा फाटलेल्या पॅकला बल्बही लावू नका, उघड्यावर वाळूच्या बादलीत ठेवून केंद्राला फोन करा.

माझा तो उशीसारखा पॅक वाळूच्या बादलीत तीन दिवस होता. उरलेले दोन बाराच्या वर होते. त्याच संध्याकाळी स्टोरेजला लावले, आणि ११.५ ला यायला त्यांना रात्रीचे साडेअकरा वाजले.