गाळा घेताना स्पर्धकाचा शेजार पाहावा की टाळावा?
सांगलीत दुकानासाठी गाळा शोधताना, आपला माल ग्राहक चार ठिकाणी पारखून घेतो की गरज पडताच जवळून उचलतो, हे आधी ठरवावे. मार्केट यार्डातील हळदीच्या सौद्यात खरेदीदार हळकुंड मोडून आतला रंग पाहतो आणि मग पुढच्या ढिगाकडे वळतो. अशी पारख एकाच आवारात होते म्हणून लांबचे व्यापारी येथे येतात आणि ते येतात म्हणून शेतकरीही आपली हळद येथेच आणतो. साड्या आणि दागिने यांचेही तसेच असल्याने तेथे स्पर्धकाच्या शेजाराला मुळीच भिऊ नये. दूध, किराणा, औषधे यांसाठी मात्र कोणी दूर जात नाही. अर्थशास्त्रज्ञ हॅरॉल्ड हॉटेलिंग यांनी १९२९ मध्ये मांडले होते की, एकाच रस्त्यावरचे दोन विक्रेते ग्राहक ओढण्यासाठी मध्याकडे सरकत जातात. त्यामुळे टोकाला राहणाऱ्यांची पायपीट वाढते. किराणा दुकानासाठी ते टोकच पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. शिवाय २०१९ आणि २०२१ च्या महापुरात कृष्णेचे पाणी त्या गाळ्यात कुठवर चढले होते, हे शेजारच्या दुकानदारांना विचारल्याशिवाय विसार देऊ नये.