शेजारच्या दोन वस्त्यांमधली वर्गरेषा कशी मोजायची

नाला, रूळ किंवा कुंपणभिंत दिसली की आधी तिच्यातल्या वाटा मोजा. दोन घरांमधलं सरळ अंतर १०० मीटर आणि पायी अंतर ८०० मीटर निघालं, तर वर्गरेषा, म्हणजे श्रीमंत आणि गरीब वस्तीला तोडणारी सीमा, तिथेच आहे.

मग वाटेच्या तोंडाशी पहाटे साडेपाचपासून दोन तास उभं राहा. वहीत चार रकाने करा: वेळ, दिशा, हातात काय, कुणी अडवलं का. सकाळची ये-जा बहुधा एकतर्फी दिसते: स्वयंपाक, साफसफाई, पहारा करणारे पलीकडे जातात. उलट कोण येतं आणि कशासाठी, यालाही वहीत जागा ठेवा; ती रिकामी राहिली तरी खोडू नका. दुपारची नोंद फसवी असते, तेव्हा कामावरची माणसं आतच असतात. कपड्यांवरूनही अंदाज बांधू नका; गणवेश सगळं झाकतो.

उत्पन्न थेट विचारलं की उत्तरं हमखास गोलमाल मिळतात. त्याऐवजी विचारा: पाणी किती वाजता येतं, गल्लीतला दिवा बंद पडला तर किती दिवसांत बदलतात, आजारी पडून सुट्टी घेतली तर पैसे कापतात का? हा शेवटचा प्रश्न सर्वांत बोलका.

समाजसंशोधक चार्ल्स बूथ यांच्या १८८९च्या लंडन नकाशात गल्ल्या, तिथल्या लोकांच्या आर्थिक स्थितीप्रमाणे, सात रंगांत होत्या. तुम्हाला तीन पुरतील, पण रंग गल्लीगणिक भरा. अख्ख्या वस्तीला एकच रंग दिलात तर आतले थर दिसणारच नाहीत.