बेस स्टील करताना या चुका टाळा

सातारा-सांगलीकडची पोरं खो-खोवर वाढलेली, पायात वेग भरपूर. तरी बेसबॉलमध्ये बेस स्टील करताना, म्हणजे बॅटरच्या हिटची वाट न बघता पुढचा बेस गाठताना, दुसऱ्या बेसवर ती सारखी आऊट होतात आणि सगळे म्हणतात, बॅटरमागे बसणाऱ्या कॅचरचा हात भारी. माझ्या मते तिथे पाय कमी पडत नाहीत, नजर चुकते. बेस चोरायचा असतो तो पिचरकडून, म्हणजे बॅटरकडे चेंडू टाकणाऱ्याकडून.

दोन बेसमधलं अंतर ९० फूट. वरच्या पातळीवर पिचरची हालचाल सुरू झाल्यापासून चेंडू कॅचरकडे पोचायला साधारण १.३ सेकंद आणि तिथून दुसऱ्या बेसवर यायला आणखी २ सेकंद लागतात. यातला अर्धा सेकंद उभ्याउभ्या घालवलात, तर मग कितीही पळा.

सगळ्यात महागात पडते ती चेंडू सुटायची वाट पाहण्याची सवय. ती सॉफ्टबॉलमधून येते. तिथे चेंडू हातातून सुटेपर्यंत बेस सोडता येत नाही. बेसबॉलमध्ये तीन-साडेतीन मीटर लीड आधीच घ्या, म्हणजे बेस सोडून तेवढं पुढे उभे राहा, आणि पिचरचे पाय बघा. उजव्या हाताच्या पिचरची उजवी टाच आधी हलली, तर मागे फिरा. डावा पाय आधी उचलला, की निघा. आता तो पहिल्या बेसकडे वळला तर बाल्क, म्हणजे पिचरचा नियमभंग, तुम्हाला पुढचा बेस फुकट. डावखुरा मात्र अवघड. तो उजवा पाय उचलूनही पहिल्या बेसवर फेकू शकतो. तो पाय रबरच्या, म्हणजे पिचर ज्या पट्टीवर पाय ठेवतो तिच्या मागच्या कडेपलीकडे गेला, तरच बिनधास्त सुटा.

दुसरं, खो-खोसारखा सूर मारू नका. मुरमावर तळहात सोलतात, बोटं बेसवर आपटतात किंवा फिल्डरच्या बुटाखाली सापडतात. एक पाय गुडघ्यात दुमडून खाली घ्या, दुसरा बेसकडे सरळ, हात वर. फार उशिरा स्लाइड केली तर बेसपलीकडे घसराल. पहिल्या बेससारखी पुढे पळून जायची सवलत इथे नाही. पाय सुटला आणि फिल्डरने चेंडूसह अंगाला हात लावला (टॅग), की आऊट.

पळताना दोन-तीन पावलांनी बॅटरकडे एकदा बघाच. उंच उडालेला चेंडू झेलला गेला तर परत फिरावं लागतं.

अमेरिकेचा बेसबॉलपटू रिकी हेंडरसनने १९८२ मध्ये १३० बेस चोरले, तेव्हा तोही ४२ वेळा पकडला गेला. म्हणजे चारातून तीनदा यश. तुमचं निम्म्यावर अडत असेल तर संघाचं नुकसान होतंय. थोडे दिवस नुसते पिचरचे पाय वाचा. आणि दोन आऊट असताना तिसऱ्या बेससाठी जीव टाकू नका. चांगल्या हिटवर दुसऱ्या बेसवरूनही रन निघते.