ॲओर्टामागची शीर: ऑपरेशनआधी आणि ऑपरेशनमध्ये या चुका टाळा

पोटातल्या ॲओर्टाच्या (मुख्य धमनीच्या) ॲन्युरिझमचं, म्हणजे फुगवट्याचं, ऑपरेशन करताना धमनी फाटली तर कुठे क्लॅम्प (रक्त थांबवणारा चिमटा) लावायचा हे ठरलेलं असतं. ॲओर्टामागची शीर फाटली तर रक्त कुठून येतंय हेच आधी कळत नाही. हा धोका बहुतेक वेळा सीटीवर आधीच दिसत असतो, फक्त कुणी पाहिलेलं नसतं.

पहिली चूक तिथलीच. ॲन्युरिझमची मापं झाली, धमन्यांचं थ्रीडी चित्र पाहिलं की सीटी मिटवला जातो. त्या चित्रात शिरा नसतातच. मूळ आडवे छेद इलिॲकपासून (पायांकडे जाणाऱ्या फाट्यांपासून) रीनलच्या (किडनीच्या रक्तवाहिन्यांच्या) वरपर्यंत स्वतः सरकवून बघा. नुसत्या आर्टेरियल फेजमध्ये, म्हणजे औषध धमन्यांतच असताना काढलेल्या सीटीत, डाव्या बाजूची आयव्हीसी (शरीराच्या खालच्या भागाचं रक्त हृदयाकडे नेणारी मोठी शीर, एरवी उजवीकडे असते) लिम्फ नोडच्या गाठीसारखी दिसते. ती सलग वर जाते का ते पाहा. ॲन्युरिझम फुटलेला पेशंट टेबलावर घेतानाही सीटी झाला असेल तर तेवढा मिनिटभर काढाच.

सर्वांत जास्त फसवते डावी रीनल व्हेन, म्हणजे डाव्या किडनीची शीर. एरवी ती सुपीरियर मेसेंटेरिक या आतड्याच्या धमनीच्या उगमाखाली, ॲओर्टाच्या पुढून जाते. शंभरात दोन-तीन जणांत ती मागून जाते, बहुधा तिरकी खाली उतरून. पुढे सापडली नाही तर ‘चरबीत असेल’ म्हणून सोडून देऊ नका, ती मागे आहे असंच धरा.

त्याहून वाईट ते ॲओर्टाभोवतीचं शिरेचं कडं. पुढचा फाटा नेहमीच्या जागी दिसतो आणि जीव भांड्यात पडतो. मग निर्धास्तपणे राइट अँगल (काटकोनी चिमटा) ॲओर्टामागून फिरवला जातो आणि खालून जाणारा पातळ मागचा फाटा फाटतो. माझं मत स्पष्ट आहे: ॲन्युरिझमच्या मानेला, म्हणजे फुगवट्याच्या वरच्या न फुगलेल्या ॲओर्टाला, मागून टेप घालायची सवयच सोडा. ॲओर्टाच्या दोन्ही कडा मोकळ्या करा आणि क्लॅम्प पुढून उभा, मणक्याच्या दिशेने उतरवा. सीटीवर मागचा फाटा त्याच पातळीवर दिसत असेल तर क्लॅम्पची जागा बदला.

मान उघडी करायला डावी रीनल व्हेन कापावी लागणार असेल तर आयव्हीसीजवळ कापा. गोनॅडल, ॲड्रिनल आणि लंबर फांद्या राखा, किडनीचं रक्त मग त्यांतून परततं. आयव्हीसी दुहेरी किंवा डावीकडे असेल तर मात्र थांबा. ॲओर्टापुढून उजवीकडे जाणारी ती जाड शीर पायाचंही रक्त नेत असते.

आणि शीर फाटलीच तर आंधळेपणाने क्लॅम्प मारू नका, भोक मोठं होतं. बोटाने किंवा स्पंजने दाबून धरा, भूलतज्ज्ञांना सांगा, चढवायचं रक्त येऊ द्या. दाब सोडल्यावर जागा दिसत नसेल तर दोन क्लॅम्पमधली ॲओर्टा पूर्ण कापून बाजूला घ्या आणि समोर दिसणाऱ्या शिरेवर बारीक प्रोलीन धाग्याचे टाके घाला.