स्कूबाचा रेग्युलेटर घेताना काय बघावं, काय टाळावं

तारकर्लीला, नेत्राणीला किंवा अंदमानात पहिली बुडी मारून आलेले बरेच जण पुढे ओपन वॉटरचा, म्हणजे पहिल्या पायरीचा, कोर्स करतात आणि मग स्वतःचं सामान घ्यायचं मनावर घेतात. मास्क, फिन्स घेणं सोपं असतं. तोंडावर बसला, पायाला लागला नाही, की काम झालं. टँकमधली हवा श्वासापुरती करून देणाऱ्या रेग्युलेटरपाशी मात्र गाडी अडते. किमतीत कितीतरी पटींचा फरक, प्रत्येक डबा चकचकीत, आणि विकणारा सांगतो ते खरं की खोटं हे कळायला मार्ग नाही.

माझं स्पष्ट मत असं, की कंपनी आणि मॉडेल ठरवण्याआधी त्याची सर्व्हिसिंग कोण करणार हे ठरवा. ज्या डाइव्ह सेंटरवर तुमचा विश्वास आहे तिथे विचारा: या कंपनीचं काम करायला शिकलेला तंत्रज्ञ तुमच्याकडे आहे का? मूळ सुटे भाग मिळतात का, आणि किती दिवसांत? उत्तर गुळमुळीत आलं तर तो रेग्युलेटर कितीही नावाजलेला असो, सोडून द्या. भाग न मिळणारा उत्तम रेग्युलेटरही काही वर्षांत बिनकामाचा होतो.

आधी तो काय करतो ते समजून घ्या

भरलेल्या टँकमध्ये साधारण २०० बार दाब असतो. टँकवर बसणारी फर्स्ट स्टेज हा दाब उतरवून भोवतालच्या पाण्याच्या दाबापेक्षा ९-१० बारच जास्त ठेवते. तोंडातली सेकंड स्टेज उरलेला दाब उतरवते आणि तुम्ही श्वास ओढाल तेवढीच हवा देते. ३० मीटरवर एकूण दाब ४ बार, म्हणजे तिथली हवा चौपट दाट. दुकानात तोंडाला लावून ‘हवा मस्त येते’ असं वाटण्याला म्हणूनच फारसा अर्थ नाही. खरी परीक्षा खोलवर, टँक संपत आलेला असताना आणि धाप लागलेली असताना होते.

ईएन २५० हे युरोपीय मानक नेमकं तेच तपासतं. ५० मीटर खोलीएवढ्या दाबाखाली, मिनिटाला ६२.५ लिटर हवा ओढणाऱ्या यंत्रावर रेग्युलेटर चालवतात आणि श्वासाला लागणारे श्रम मर्यादेत आहेत ना ते मोजतात. हा क्रमांक रेग्युलेटरवर कोरलेला असतो. तो आणि सिरियल नंबर, दोन्ही स्वतः वाचा आणि सिरियल नंबर कंपनीकडे पडताळून घ्या. काहींवर १० अंशांपेक्षा जास्त तापमानाची खूण असते. म्हणजे तो थंड पाण्यासाठी नाही. आपल्या समुद्रात त्याने काही बिघडत नाही, पण युरोपात राहून तिथल्या तलावांत उतरणाऱ्या मराठी मंडळींनी ती खूण बघितलीच पाहिजे, कारण थंडीत आत बर्फ धरून हवा सुसाट सुटू शकते.

प्रकार निवडणं

साधी, अनबॅलन्स्ड पिस्टनची फर्स्ट स्टेज स्वस्त, दणकट आणि दुरुस्तीला सोपी. स्क्यूबाप्रोची एमके२ किंवा क्रेसीची एसी२ या जातीच्या. टँक रिकामा होत आला की श्वास किंचित जड होतो, पण १८ मीटरपर्यंतच्या निवांत डाइव्हला त्या पुरेशा आहेत. खोल जाणार असाल तर बॅलन्स्ड घ्या, त्यात टँक रिकामा होत आला तरी श्वास जड होत नाही. त्यातही मी डायफ्रॅमकडे झुकते माप देईन. पिस्टनमध्ये समुद्राचं पाणी आतल्या स्प्रिंगपर्यंत जातं. डायफ्रॅममध्ये मुख्य यंत्रणा रबरी पडद्याआड राहते. मालवणसारख्या गढूळ, वाळू-गाळाच्या पाण्यात हा फरक महत्त्वाचा ठरतो.

टँकला जोडणी योकची (झडपेवर चाप बसवून आवळायची) की डिनची (झडपेत आट्यांनी फिरवून बसवायची), याचा फार घोळ घालू नका. आपल्याकडे भाड्याचे टँक बहुतेक योकचेच असतात. डिन घेतलात तर अडॅप्टर जवळ ठेवा.

ऑक्टोपस, म्हणजे सोबत्यासाठीची जादा सेकंड स्टेज, मात्र उरलेल्या पैशांत उरकू नका. सोबत्याची हवा संपली की घाबरलेला, जोरजोरात श्वास ओढणारा माणूस त्यावर येणार आहे.

हातात घेऊन तपासणी

नवा असो, जुना असो वा भाड्याचा, पुढच्या तपासण्या करायला आढेवेढे घेणाऱ्याकडून काही घेऊ नका.

टँकला न जोडता, फर्स्ट स्टेजची टोपी घट्ट बसवून, माउथपीसमधून हवा ओढा. काहीही आत येता कामा नये. ओठ नुसते चिकटून बसले पाहिजेत. जराशी जरी हवा आली तरी पडदा, उच्छ्वासाची झडप किंवा माउथपीस कुठेतरी फाटलं आहे, आणि जिथून हवा येते तिथून पाण्याखाली पाणी येईल. माउथपीस दाताखाली चिरतं तिथे आणि ते बांधणाऱ्या प्लास्टिकच्या पट्टीजवळ बोटाने ताणून बघा.

मग टँक जोडून पूर्ण उघडा. प्रेशर गेजवर नजर ठेवून चार-पाच जोरदार श्वास घ्या. काटा प्रत्येक श्वासाला खाली झुकत असेल तर एक तर टँकची झडप अर्धवट उघडी आहे किंवा फिल्टर चोंदला आहे. तरंगण्याच्या जॅकेटमध्ये हवा भरणाऱ्या होजला (नळीला) मधला, म्हणजे फर्स्ट स्टेजमधून निघणारा, दाब दाखवणारं गेज लावता येतं, ते लावायला सांगा. सेकंड स्टेजवरचं, हवा सोडणारं पर्ज बटण दाबून सोडल्यावर काटा ९-१० बारवर परतून थांबला पाहिजे. पाच मिनिटांत तो हळूहळू वर चढत राहिला तर फर्स्ट स्टेजच्या आतली सीट, म्हणजे झडप जिच्यावर बसून हवा बंद करते ती जागा, झिजलेली आहे. हा दोष बाहेरून अजिबात दिसत नाही, म्हणून मी या तपासणीला सगळ्यात जास्त वजन देते.

जुना घेताना फर्स्ट स्टेजच्या तोंडातला बारीक धातूचा फिल्टर उजेडात धरून पाहा. हिरवट असेल तर आत खारं पाणी गेलेलं आहे. तांबूस-तपकिरी असेल तर गंजलेल्या टँकचा चुरा. काळा असेल तर खराब कॉम्प्रेसरची हवा. तिन्हीपैकी काहीही दिसलं तर आतून उघडून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका. होज दोन्ही टोकांना वाकवून भेगा बघा. विणीच्या मऊ होजांना बाहेरून तडा दिसत नाही, आणि उष्ण प्रदेशांत काहींच्या आतल्या नळीत स्फटिक जमून हवा अडल्याची उदाहरणं आहेत, म्हणून त्या किती जुन्या आहेत ते विचारा.

ऑनलाइन मिळणाऱ्या, हातपंपाने भरायच्या छोट्या टँकबद्दल कळकळीने सांगते: त्या घेऊ नका. अर्ध्या लिटरच्या टँकमध्ये २०० बारला १०० लिटर हवा, म्हणजे पृष्ठभागावर जेमतेम पाच-सहा मिनिटं. १० मीटरवर त्याच्या निम्मी. बहुतेकांवर दाबाचं गेज इतकं बारीक की पाण्यात वाचता येत नाही. दाबाखालची हवा घेतलेला माणूस घाबरून श्वास रोखून वर आला, तर दोन मीटरवरूनही फुप्फुस फाटू शकतं. प्रशिक्षण न घेतलेल्यांना, लहान मुलांना भेट म्हणून ही वस्तू दिली जाते, हे फार गंभीर आहे.

घेतल्यानंतर

डाइव्ह झाल्यावर टोपी कोरडी करून बसवा, गोड्या पाण्यात भिजवा, आणि टँकला जोडलेला नसताना पर्ज बटण दाबू नका, नाहीतर पाणी थेट होजमधून आत जातं. पावसाळ्यात कोकणात डाइव्हिंग बंद असतं. त्या दमट महिन्यांत तो होज न मुडपता, सावलीत, हवेशीर जागी टांगून ठेवा. हंगाम सुरू होण्याआधी सर्व्हिसिंग करून घ्या. काही कंपन्या वर्षाची किंवा सुमारे १०० डाइव्हची मुदत देतात, काही दोन वर्षांची. पुस्तिकेत असेल ती पाळा. बदललेले जुने भाग परत मागा. आणि सर्व्हिसिंगनंतरची पहिली डाइव्ह पूलमध्ये किंवा उथळ पाण्यातच करा.